यादी वाचल्याशिवाय ‘हो’ नाही

आक्का,

तुमचं खातं बंद करायचं काम माझ्याकडं आलं आहे. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरचं खातं. रक्षाविसर्जन आटोपून आम्ही चौघं निपाणीहून परत निघालो, तेव्हा संकेश्वर यायच्या आतच वाचनालयाच्या अध्यक्षांनी गाडीत विषय काढला. “परशा, सुलोचनाबाईंचं नाव आता त्या मशीनवर ठेवून काय करायचं? काढून टाक. आणि हात लावतोच आहेस तर सगळी मशीनं अपग्रेड करून घे.” मी “व्हय” म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बाकीचे लगेच रस्त्याच्या कामावर बोलायला लागले. मला त्यांचा राग आला आणि मग स्वतःचाच आला, कारण तुमच्या माघारी तुमचं काहीतरी काम हाताला लागलं याचं मला बरंच वाटलं होतं. निदान थोडा वेळ तुमच्याजवळ बसल्यासारखं होईल.

काल बसलो. तिथं जे सापडलं त्याबद्दलच लिहायचं आहे, पण ते लगेच लिहवत नाही. आधी जरा इकडचं तिकडचं बोलू द्या. माझी ही खोड तुम्हाला माहीत आहे. पॉलिटेक्निकच्या तोंडी परीक्षेत उत्तर येत नसलं की मी प्रश्नाभोवती घिरट्या घालायचो आणि तुम्ही टेबलावर पेन आपटून म्हणायचात, “मुद्द्यावर ये रं.”

मंगळवारी दुपारी तीन. निवृत्त झाल्यावर तुम्ही एका कॉलेजनं टाकून दिलेली आठ मशीनं अनगोळच्या वाचनालयात आणलीत, पुसून घेतलीत, त्यांच्यावर लिनक्स घातलंत, आणि त्याच दिवशी अपग्रेडची ही वेळ ठरवून टाकलीत. ती कधी बदलली नाही. उशिरा सुरू केलेलं चालायचं नाही, कारण सूर्य बुडायच्या आत तुम्हाला जेवायचं असायचं आणि काम अर्धवट टाकून डबा उघडणं तुमच्या स्वभावात नव्हतं. मी कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा मागायचो. साहेबांना वाटायचं मंगळवारी माझा काहीतरी देवाचा उपास आहे. मी कधी खुलासा केला नाही.

लिनक्सवर जे काही बसवलेलं असतं त्याची लहान लहान पॅकेजं असतात. अपग्रेडची कमांड दिली की मशीन आधी यादी दाखवतं, एवढी एवढी पॅकेजं बदलणार आहे, करू का? मग हो किंवा नाही म्हणायचं. बहुतेक माणसं यादीकडं न बघता हो म्हणतात. तुम्ही ती यादी मोठ्यानं वाचायचात, शाळेत हजेरी घेतात तशी, एकेक नाव. मधेच एखाद्या नावापाशी बोट ठेवून विचारायचात, “ह्ये कशाला हाय रं?” मला सांगता आलं नाही तर ते पॅकेज पुढच्या मंगळवारपर्यंत तसंच राहायचं. मी आठवडाभरात शोधून येऊन सांगायचो, मग त्याची सुटका व्हायची. अशी कितीतरी पॅकेजं माझ्या अज्ञानापायी वाचनालयात जुनी होऊन पडली होती.

“आक्का, चाळीस नावं कोण वाचत बसतंय?” मी एकदा वैतागून म्हणालो. “कमांडच्या पुढं ‘मायनस वाय’ लावा. मशीन विचारतच न्हाय मग. सरळ करून टाकतंय.”

“विचारतंय तर विचारू दे की. आपल्याला दुसरं कोण विचारतंय?”

“वेळ जातोय नुसता.”

“तू येळ्ळूरचा न्हवं? तुमच्या गावानं सीमाप्रश्नाच्या एका मागणीवर किती वर्षं काढली. आणि तुला चाळीस ओळींचा धीर न्हाय?”

हसलो. घरी जाऊन हे कुणाला सांगितलं मात्र नाही, सांगितलं असतं तर तुमच्या निपाणीचा उद्धार झाला असता.

आज मी कंपनीचे सर्व्हर सांभाळतो ते त्या मंगळवारांच्या जिवावर. मुलाखतीत मला एका पॅकेजचं नाव दाखवून हे काय करतं असं विचारलं होतं, आणि ते नेमकं तुम्ही दोन आठवडे अडवून ठेवलेलं होतं. त्या एका उत्तरावर मला नोकरी लागली असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, “न्हाय रं, त्यांच्याकडं दुसरं कोण आलं नसंल.” असं म्हणताना तुम्ही डब्यातली शेंगाची पोळी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवायचात. त्या पोळीबद्दल मी कधी नीट आभारसुद्धा मानले नाहीत, नुसता खात राहिलो.

आपलं खरं भांडण एकाच पॅकेजवरून होतं, दत्तू मास्तरांच्या. खडेबाजारात त्यांनी जन्मभर पेटी शिकवली आणि उतारवयात त्यांची दृष्टी गेली. रोज सकाळी अकराला रिक्षानं ते वाचनालयात यायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि मशीनकडून पेपर वाचून घ्यायचे. मजकूर वाचणारा तो आवाज म्हणजेही एक पॅकेज. सपाट, नाकातला, मेल्याची बातमी आणि लग्नाची बातमी एकाच चालीत वाचणारा. मास्तर त्याला ‘आमचा कारकून’ म्हणायचे. त्याची नवी आवृत्ती कधीची येऊन पडली होती, पण ती ऐकून मास्तरांनी नको म्हणून हात जोडले होते. म्हणून दर मंगळवारी यादीत ते नाव आलं की तुम्ही मशीनला ‘नाही’ म्हणायचात आणि ते एक सोडून बाकीची पॅकेजं नावानिशी अपग्रेड करायचात.

मी म्हणायचो, त्याला होल्ड लावा. एकदा होल्ड लावला की ते पॅकेज जागचं हलत नाही, कुणी काहीही कमांड देऊ दे. तुम्ही मान हलवायचात. “होल्ड लावला की मी विसरणार. मास्तरांचं मन बदललं, न्हायतर त्यात काय दुरुस्ती आली, तर कुणाच्या ध्यानात ऱ्हाईल? त्यापरीस दर मंगळवारी मला न्हाय म्हणू दे.” आक्का, मला अजूनही वाटतं की होल्ड लावायला हवा होता. या एका मुद्द्यावर मी माघार घेत नाही. आता समोरून उत्तर येणार नाही हे माहीत असून असं म्हणणं बरं दिसत नाही, तरी म्हणतो.

मग मागच्या वर्षीचा तो सोमवार आला. तुमचे उपचार सुरू होऊन दोन महिने झाले होते. मास्तरांनी हेडफोन लावला आणि लगेच काढला. “आक्का, कारकून बदलला काय? ह्यो वाचत न्हाय, हाकलतोय.” सगळे हसले म्हणे. तुम्ही मला ऑफिसात फोन केलात.

“परशा, तू काय केलंस काय रं?”

“मी हातसुद्धा लावला न्हाय.”

“बरं,” म्हणालात आणि फोन ठेवलात. त्या मशीनवर अपग्रेड करायचा अधिकार दोघांनाच होता, तुम्हाला आणि मला. मी केलं नव्हतं. म्हणजे तुम्ही केलं होतं. एवढा सोपा हिशोब मी डोक्यात मांडला आणि कामाला लागलो.

मास्तर घरी गेले आणि त्यांनी अध्यक्षांना फोन केला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी चार वाजता समितीची बैठक होतीच. मी तीनला आलो तर तुम्ही मशीनसमोर नव्हता, वर्तमानपत्रं लावत बसला होता. “आज अपग्रेड नको,” म्हणालात. मला वाटलं, चूक मनाला लागली असेल. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, हे झालं कसं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग मी बोललो. काय बोललो ते शब्दाशब्दानं लिहितो, कारण काल दिवसभर दुसरं काही ऐकू आलेलं नाही. मी म्हणालो, “आक्कांचा दोष न्हाय. औषधं लई जड चालू हाईत. नजर पयल्यासारखी ऱ्हायली न्हाय. यादी वाचताना एखादी ओळ सुटली आसंल.”

आवाजात माया आणून म्हणालो. सगळ्यांनी माना हलवल्या. अध्यक्ष म्हणाले, “मग इथून पुढं परशरामनंच बघावं.” तुम्ही चष्मा काढलात, पदरानं पुसलात, परत घातलात. “आय्तु,” म्हणालात. कन्नडमधून ‘झालं’ म्हणालात की विषय संपला हे तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं. पिशवीतून पेनड्राइव्ह काढून माझ्यासमोर ठेवलात. “जुना आवाज ह्यात हाय. मास्तरांच्या मशीनवर बसव.” मी तो बसवला, वर होल्डही लावला, आणि आपलंच खरं झालं म्हणून खूश झालो. मास्तर दुसऱ्या दिवसापासून येऊ लागले. तुम्ही मात्र त्या खुर्चीवर परत बसला नाहीत. पुस्तकांना कव्हरं घालायचात, पोरांना मराठी आणि कन्नड दोन्ही पेपर काढून द्यायचात, आणि मंगळवारी तीन वाजता मी आलो की आत भांडी घासायला जायचात. वाचनालयात भांडी असतात किती, तर चार कप.

दिवाळीनंतर भावानं तुम्हाला निपाणीला नेलं. मी एकदाच आलो. एकदाच, आक्का. तुम्ही उशीला टेकून बसला होता आणि हात कापडाच्या घडीसारखे हलके झाले होते. घरातल्यांशी कन्नडमध्ये काहीतरी बोललात, माझ्यासाठी ताक आलं. मग विचारलंत, “यादी वाचतोस न्हवं?” मी म्हणालो, “व्हय.” खोटं बोललो. तुमच्या खुर्चीवर बसून मी पहिल्या मंगळवारपासून ‘मायनस वाय’ लावत होतो.

आता काल. खातं बंद करायच्या आधी त्यात ठेवण्यासारखं काय आहे ते बघत होतो. जुन्या प्रश्नपत्रिका होत्या. मास्तरांना कुठलं सदर कुठल्या वारी वाचून दाखवायचं याची नोंद होती. आणि टर्मिनलनं, म्हणजे कमांड द्यायच्या काळ्या खिडकीनं, लक्षात ठेवलेल्या तुमच्या कमांड होत्या. आपण जे जे टाइप करतो ते टर्मिनल ओळीनं साठवून ठेवतं. मी सहज शेवटाला गेलो, तुम्ही मास्तरांच्या मशीनवर शेवटचं काय केलंत ते बघावं म्हणून. शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही अपग्रेडचा लॉग उघडून वाचला होता. शेवटची ओळ बाहेर पडण्याची. त्याच्यापुढं काही नाही.

कधी काय अपग्रेड झालं, कुठल्या कमांडनं झालं आणि कुणी केलं, हे सगळं मशीन त्या लॉगमध्ये लिहितं. वर्षभराच्या नोंदी ठेवतं, मग टाकून देतं. त्या महिन्याची नोंद अजून होती. मी उघडली. रविवार, दुपारी दोनच्या सुमारास. कमांडला ‘मायनस वाय’ लावलेलं, जे तुम्ही हयातीत कधी लावलं नाही. खालच्या ओळीत, कुणी केलं त्या जागी, माझं नाव होतं.

काय घडलं ते मग आठवलं. त्या रविवारी मी येळ्ळूरला घरी होतो. लॅपटॉपवर दोन टर्मिनल उघडी होती. एकातून इंटरनेटवरून वाचनालयातल्या मास्तरांच्या मशीनला जोडलं होतं, डिस्कवर जागा किती उरली ते बघायला. दुसरं माझं स्वतःचं. दोन्ही सारखीच काळी. आईनं जेवायला हाक मारली, जेवून आलो, आणि आपला लॅपटॉप अपग्रेड करून टाकू म्हणून समोर जे टर्मिनल होतं त्यात कमांड दिली. ते वाचनालयाचं होतं. मशीननं काही विचारलं नाही, कारण मीच त्याला विचारू नको म्हटलं होतं. लॅपटॉप मिटून मी शेताकडं गेलो. काल माझ्या लॅपटॉपचा लॉगही बघितला. त्या रविवारी त्याच्यावर काहीच अपग्रेड झालेलं नाही.

माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी सांगतो, आधी लॉग बघ, मग कुणाचं नाव घे. हे मी तुमच्याकडूनच उचललेलं. पण तुमच्या बाबतीत मला लॉग बघायची गरजच वाटली नाही. बाई आजारी आहे, वय झालं आहे, चष्मा जाड झाला आहे. मला एवढं पुरलं.

आणि तुम्हाला माहीत होतं. बैठकीनंतर तुम्ही त्या मशीनवर बसलाच नाहीत, म्हणजे लॉग वाचलात तो बैठकीच्या आधी. तुमची नजर गेली असं मी चार माणसांत सांगत होतो, तेव्हा त्याच नजरेनं वाचलेलं माझं नाव तुमच्या डोक्यात होतं. तरी तुम्ही चष्मा पुसलात आणि “आय्तु” म्हणालात.

का, हे मी कालपासून शोधतो आहे. वर्गात तुम्ही कुणाची चूक चारचौघांत काढायचा नाहीत. पोराला बाहेर न्यायचात, व्हरांड्याच्या टोकाला, आणि तिथं हळू आवाजात सोलून काढायचात. मग एक गोष्ट आठवली. त्या दिवशी बैठक सुटल्यावर तुम्ही फाटकापाशी उभ्या होता. सूर्य बुडत आला होता, तुमचं जेवण राहिलं होतं, तरी उभ्या होता. मी गाडी काढली तेव्हा विचारलंत, “परशा, तुझ्या लॅपटॉपचं अपग्रेड झालं काय रं?” मला वाटलं, काम काढून घेतलं म्हणून टोमणा मारताय. मी म्हणालो, “झालं की,” आणि किक मारली. आरशात बघितलंही नाही.

मला व्हरांड्याच्या टोकाला न्यायलाच थांबला होता तुम्ही.

पण आक्का, एकदाच विचारून सोडून का दिलंत? मी तुमच्यावर रागावलो आहे. पोरगा उद्धट असला तरी दुसऱ्या दिवशी कान धरायचा. निपाणीला मी ताक पीत समोर बसलो होतो तेव्हा तरी म्हणायचं, गाढवा, लॉग बघ. तुम्ही यादीचं विचारलंत आणि माझं खोटं ऐकून घेतलंत. मी उठताना हात जोडलेत. तुम्ही मला हात जोडलेत. मी तो आजारातला भाबडेपणा समजलो. माझी माफी मागायची जागा तुम्ही नेलीत, आणि तरी हे लिहिताना मला त्या घडीसारख्या हातांवर डोकं ठेवावंसं वाटतं आहे. काल मी तुमचं खातं बंद केलं नाही. तसाच उठून घरी आलो.

आज वाचनालयात तुमची शोकसभा झाली. फोटो चांगला निवडला होता, पॉलिटेक्निकातला. पन्नासेक माणसं होती, मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, तुमच्या हाताखालून गेलेली. पहिल्या रांगेत काठी धरून दत्तू मास्तर. अध्यक्ष चांगलं बोलले, आणि बोलता बोलता म्हणाले, “शेवटी शेवटी नजर साथ देईना, हातून चुका होऊ लागल्या, तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं आपलं काम सोडलं.” सगळ्यांनी माना हलवल्या. तशाच हलवल्या, बैठकीत हलवल्या होत्या तशा. माझं वाक्य होतं ते. नऊ महिन्यांत ते तुमचं चरित्र होऊन बसलं होतं.

मी उठलो. नीट काही तयार केलेलं नव्हतं. म्हणालो, “आक्कांच्या हातून चूक झाली न्हाय. त्या रविवारी ते अपग्रेड मी केलंतं, घरातनं, चुकून. लॉगमध्ये माझं नाव हाय. त्यांनी ते वाचलं हुतं. मी त्यांच्यावर घातलं आणि त्या बोलल्या न्हाईत.” कुणीतरी मागून म्हणालं, जाऊ द्या, आता काय त्याचं. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. सगळ्यांनाच ते लवकर मिटायला हवं होतं, आणि खरं सांगतो, मलाही.

दत्तू मास्तरांनी तेवढी मान वर केली. मी कुठं उभा आहे ते त्यांना नेमकं कळत नव्हतं, त्यामुळं ते तुमच्या फोटोच्या बाजूला तोंड करून बोलले.

“म्हंजे आक्कांना दिसत हुतं?”

“व्हय, मास्तर.”

“सगळं दिसत हुतं?”

“व्हय.”

“मग बाईला तिच्या जागेवरनं उठवलासा कशाला रं?”